शाळा फुटते शुक्रवारी

ग्रिम्सबीच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर,
मंगळवारी साडेसहाला
हेस्केथबाई फळ्यावर एकच शब्द लिहितात :
ब्रेक.
"हा एकटा सापडला तर काही कबूल करत नाही.
सोबत कोण होतं, ते आधी विचारायचं."
गृहपाठ तोच होता : आठवडाभरात
जिथे भेटेल तिथे त्याला धरून वहीत आणायचं.

राइमोंडास मासळीच्या कारखान्यात.
त्याने दहा मिनिटांचा ब्रेक आणला.
हातमोजे काढण्यात दोन जातात,
घालण्यात तीन,
उरलेल्यात चहा.

शिर्कोची व्हॅन लूथच्या रस्त्यावर ब्रेक डाऊन झाली,
आणि बिल बघून तो स्वतः ब्रोक.
"गाडी मोडते, मी पण मोडतो,
मला ओढायला मात्र ट्रक येत नाही."
बाईंनी आधी हसून घेतलं,
मग त्याचा भूतकाळ दुरुस्त केला.

देओलिंडा हॉटेलात चादरी बदलते.
एका पाहुण्याने वीस पौंडांची नोट
ब्रेक करून मागितली.
तिने ती दोन्ही हातांत ताणून धरली,
फाडायचीच तेवढी राहिली होती.
(मी मागच्या बाकावर. मला यात नवल नव्हतं,
आमच्याकडे नोटा मोडतातच.)

सेलामावितने वही उघडली नाही.
पिशवीतून चौघडी घातलेला कागद काढला,
फिलमोनच्या शाळेचा, खाली मुख्याध्यापकांची सही :
शुक्रवारी दुपारी दोन वाजता
शाळा ब्रेक अप होईल.

तिने शब्दकोशात दोन्ही शब्द वेगवेगळे शोधले होते.
ब्रेक : तुकडे होणे.
अप : वर.

तुकडे होऊन वर जाणारी एक शाळा
तिने पाहिली होती. तीही दुपारीच.
तेव्हा पत्र आलं नव्हतं.
इथे आधी कळवतात, वेळही सांगतात,
एवढं तिला बरं वाटलं,
आणि त्याच रात्री तिने
मुलाचे कपडे, जन्माचा दाखला आणि कफ सिरप
एका पिशवीत भरून दाराशी ठेवलं.
कळत नव्हतं ते इतकंच :
बाकीच्या आयांनाही हेच पत्र मिळालंय,
मग त्या फाटकाशी उभ्या राहून
हसतात कशाला?

खोलीतला हीटर टकटकत होता.
बाई फळ्याशी गेल्या नाहीत.
शिर्कोने सरकवलेल्या खुर्चीत बसल्या,
तिच्याकडे तोंड करून, आणि म्हणाल्या,
"सुट्टी. सेलामावित, फक्त सुट्टी लागते."
पुढचं त्यांना बोलता येईना.
आवाजाचं जे झालं
त्यालाही इंग्रजीत तोच शब्द आहे.
तो कुणी वहीत लिहिला नाही.

घरी येताना मी माझ्या भाषेत पुटपुटून पाहिलं :
शाळा सुटते. शाळा फुटते.
एका अक्षराचं अंतर.
आणि फुटणं तरी सगळं वाईट कुठे,
तांबडं फुटतं, पालवी फुटते,
वाचाही फुटते, चौघडीतल्या कागदातून.
पण हे तिला कुठल्या भाषेत सांगणार होतो?

शुक्रवारी ती पाऊण वाजल्यापासून फाटकाशी होती.
समजलं होतं सगळं,
तीनदा म्हणून दाखवलं होतं : ब्रेक अप, सुट्टी.
तरी आली होती, सपाट बूट घालून,
पळता येईल असे.

दोनला घंटा झाली
आणि दारातून शाळा फुटली :
दीडशे-पावणेदोनशे तुकडे,
प्रत्येकाच्या पाठीला दप्तर,
काहींच्या हातात ओल्या रंगाची चित्रं,
वर समुद्रपक्ष्यांचा कालवा.
त्यातला एक तुकडा तिच्याकडे धावत आला,
बुटाची नाडी सुटलेली.
ती बांधायला ती खाली वाकली,
तेवढ्यात कुणीतरी आनंदाने
टोपी वर भिरकावली.

नाडी तशीच सोडून
ती टोपी खाली येईपर्यंत
बघत राहिली.